न चाळलेल्या पिठाचे, कोल्हापुरी गुळातले फळांचे मफिन

चार-साडेचारच्या चहाला आपल्याकडं खारी, बटर, टोस्ट नाहीतर बेकरीतला कपकेक हे ठरलेलं असतंय. दुपारच्या जेवणात चपाती नाहीतर भाकरी असते, उसळ असते, कांदा-काकडी असते, त्यामुळं तिथं फायबरची फार काळजी करायला लागत नाही, गडबड होते ती ह्या चहाच्या वेळेला, कारण तेव्हा पोटात जातं ते जवळजवळ सगळं मैद्याचं. शाळेतनं आलेल्या पोरांचंही तेच, आणि घरात कुणी वयस्कर असेल तर त्यांना तर चहाबरोबर मऊ काहीतरी लागतंच, दातांमुळं कडक चालत नाही. मफिन मला म्हणूनच आवडतात, मऊ असतात, डब्यात नेता येतात, एकदा केले की दोन-तीन दिवस बघायला नको, आणि मुख्य म्हणजे मैदा अजिबात न घालता चांगले होतात. केक मैद्याशिवाय केला तर थोडा तरी फरक कळतो, मफिनला तसं होत नाही कारण मफिन मुळातच जरा जाडसर, रवाळ असायला चालतो.

आता फायबर म्हटलं की लोक लगेच काहीतरी वेगळं विकत आणायला बघतात, कुठली पावडर, कुठलं पाकीट. त्याची काही गरज नाही हो. आपण स्वयंपाकघरात रोज जे काढून टाकतो तेच ठेवायचं, म्हणजे पिठाचा कोंडा, फळाची साल आणि रस गाळल्यावर राहिलेला चोथा. एवढं केलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे त्या कोंड्याला भरपूर ओल आणि थोडा वेळ द्यायचा, कारण कोंडा पाणी पितो आणि सावकाश पितो. घरचे हेल्दी मफिन कोरडे झाले, घशात अडकले, पोरांनी एक घास खाऊन ठेवून दिले, असं जे होतं ते बहुतेक वेळा ह्या दुसऱ्या अर्ध्यामुळं होतं, पिठामुळं नाही.

पिठाचं बघूया आधी. १०० ग्रॅम मैद्यात फायबर पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असतं आणि तेवढ्याच अख्ख्या गव्हाच्या पिठात साधारण ११ ग्रॅम, म्हणजे चौपट. पण हे ११ कधी, तर पीठ न चाळता वापरलं तर. आपल्याकडं गिरणीतनं पीठ आणलं की पहिलं काम चाळण घेऊन बसायचं, आणि बारीक चाळणीनं चाळून तो कोंडा म्हशीला नाहीतर कचऱ्यात. चपाती मऊ व्हावी म्हणून करतात ते ठीक आहे, पण मफिनला अजिबात चाळू नका. किडे-खडे बघायचे असतील तर जाड चाळणीनं चाळा आणि वर राहिलेला कोंडा निवडून परत पिठात टाका. उलट मी म्हणेन चपातीचं पीठ चाळून जो कोंडा निघतो तो एका डब्यात साठवून फ्रीजमध्ये ठेवा, मफिनला मूठभर जास्तीचा घालता येतो. फ्रीजमध्ये का, तर कोंड्यात आणि अंकुराच्या भागात तेल असतं, ते बाहेर ठेवलं की खवट होतं, उन्हाळ्यात तर फारच लवकर.

खपली गहू मिळाला तर सोन्याहून पिवळं. आपल्या कोल्हापूर भागात आणि सांगली-साताऱ्याकडं तो पिकतो, लोक खिरीला आणि पुरणपोळीला वापरतात. खपलीचं ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रोटीन, कमकुवत असतं म्हणून त्याचा ब्रेड नीट फुगत नाही, पण मफिनला ग्लूटेन नकोच असतं, त्यामुळं खपलीचे मफिन छान हलके आणि भुसभुशीत होतात. नसेल तर साधा लोकवन चालतो, काही अडत नाही.

नाचणी मात्र थोडी तरी घालाच. आजरा, चंदगड, भुदरगड, गगनबावडा ह्या सगळ्या पट्ट्यातली नाचणी लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात सहज मिळते, ती आणून धुऊन वाळवून गिरणीत दळून घ्यायची. इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, नाचणीचं पीठ आणि नाचणी सत्त्व ह्यात फार मोठा फरक आहे. सत्त्व करताना नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातनं गाळतात, चोथा काढून टाकतात आणि खाली बसलेला पांढरट भाग वाळवतात, म्हणजे फायबर सगळं त्या चोथ्याबरोबर गेलं. लहान बाळाला पचायला हलकं म्हणून सत्त्व ठीक, पण मफिनमध्ये सत्त्व घालून ते फायबरवाले झाले असं समजू नका. आणि नाचणी फार पण घालायची नाही, एकूण पिठाच्या पाव भागापेक्षा जास्त झाली की मफिन वाळूसारखे कणीदार लागतात आणि मधनं फुटतात.

मग गूळ. कोल्हापुरात राहून मफिनमध्ये साखर घालायची म्हणजे मला तरी पटत नाही. आपल्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, शाहू मार्केट यार्डात सीझनला गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्प्या लागलेल्या असतात, आणि करवीर-पन्हाळा-कागल कुठंही गेलं तरी दिवाळीनंतर गुऱ्हाळांचा वास येतोय. घेताना फक्त रंगाला भुलू नका. पिवळाधमक, पांढऱ्याकडं झुकणारा गूळ दिसायला भारी दिसतो पण तो रंग यावा म्हणून बऱ्याच वेळा हायड्रॉससारखी पावडर घातलेली असते. तांबूस-तपकिरी, भेंडीच्या रसानं मळी काढून केलेला गूळ बघून घ्या, त्याची चव मफिनमध्ये लय खुलते, कॅरमेलसारखा एक खमंगपणा येतो जो साखरेनं येणारच नाही. गुळाचे अजून दोन फायदे, एक म्हणजे तो ओल धरून ठेवतो त्यामुळं मफिन दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, आणि दुसरं म्हणजे तो थोडा आंबट गुणाचा असतो त्यामुळं सोड्याला काम करायला मदत होते. काकवी मिळाली तर तीही चालते, फक्त मग पाणी घालायचं नाही.

पण एक सांगते, गूळ घातला म्हणजे डायबेटिस असणाऱ्यांना कितीही चालतो असं नाही. गूळ हा शेवटी साखरच आहे, रक्तातली साखर तो वाढवतोच. त्यांच्यासाठी करायचे असतील तर गूळ निम्मा करा, गोडी केळ्यातनं आणि खजुरातनं येते तेवढी येऊ द्या, आणि तरीही एकच खायचा. खजुरातही साखर असते हे विसरायचं नाही.

आता फळं, आणि ह्यात खरी मजा आहे.

केळं हे कायमचं. बारा महिने मिळतं आणि ते नुसतं फळ म्हणून नाही तर अंड्याचं आणि थोड्या तेलाचं काम करतं, पीठ धरून ठेवतं. सालीवर काळे ठिपके पडलेलं, हाताला मऊ लागणारं केळं घ्या, गाडीवाले असली केळी संध्याकाळी स्वस्तात देतात. पिवळंजर्द कडक केळं मफिनला उपयोगाचं नाही, गोडी पण नाही आणि नीट कुस्करलं पण जात नाही.

थंडीत पेरू. फायबरच्या बाबतीत पेरूला तोड नाही, १०० ग्रॅममध्ये ५ ग्रॅमच्या वर, आणि कपिलतीर्थ मार्केटला थंडीत टोपल्याच्या टोपल्या असतात. साल अजिबात काढायची नाही, बिया मात्र काढायच्या कारण बेक झाल्यावर त्या दाताखाली फार कडक लागतात. पेरूचे चार भाग करून मधला बियांचा गर चमच्यानं काढा, तो जाड गाळणीतनं दाबून घ्या, गर खाली पडतो बिया वर राहतात, आणि बाहेरचा सालीचा भाग बारीक चिरून घ्या, मटारच्या दाण्याएवढा. हा गर आणि हे तुकडे दोन्ही मफिनमध्ये. गुलाबी पेरू असेल तर रंग पण सुंदर येतो.

सफरचंद सालीसकट किसायचं, चिरायचं नाही, किसलं की ते पिठात विरघळून जातं आणि ज्या पोरांना फळाचा तुकडा तोंडात आलेला आवडत नाही त्यांना कळत पण नाही. साल काढलेल्या सफरचंदात फायबर जवळजवळ निम्मं होतं, त्यामुळं वॅक्स असेल तर कोमट पाण्यात चोळून धुवा पण साल ठेवा. चिक्कूची साल मात्र काढलेली बरी, ती वाळूसारखी लागते, आणि चिक्कूत तसंही फायबर भरपूर असतं. चिक्कू आणि नाचणी आणि वेलदोडा हे एकत्र फारच जमतं, थोडं जायफळ घातलं तर अजून छान.

जानेवारी-फेब्रुवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी कोल्हापुरात येते. तिला पाणी फार सुटतं, म्हणून चिरल्यावर दहा मिनिटं चाळणीत ठेवा आणि मग कोरड्या पिठात घोळवून घाला, नाहीतर तुकड्याच्या भोवती मफिन कच्चा राहतो.

आंबा घालायचा तर हापूसचा रस महाग पडतो आणि बेक झाल्यावर त्याचा वास निम्मा उडून जातो, त्यापेक्षा पायरी नाहीतर गावठी आंबे वापरा, रस काढल्यावर कोयीला आणि चाळणीला राहिलेला रेषेदार चोथा असतो ना, तो टाकू नका, तोच मफिनला सगळ्यात चांगला. बरका फणस असेल तर त्याचा रस काढून केळ्याच्या जागी घालता येतो, गोडी इतकी असते की गूळ तिसऱ्या हिश्श्यानं कमी करायला लागतो.

पावसाळ्याच्या तोंडाला करवंदं आणि जांभळं येतात. जांभळाचा गर घातला तर सोड्यामुळं मफिनचा रंग राखाडी-निळसर होतो, त्याला घाबरू नका, जांभळातला रंग आंबटात लाल दिसतो आणि सोड्यात निळा-हिरवा, खराब झालेलं काही नसतं. तसंच सूर्यफुलाच्या बिया घातल्या की दुसऱ्या दिवशी मफिनमध्ये हिरवे डाग दिसतात, ती पण बुरशी नाही, बियांची आणि सोड्याची क्रिया असते, सोडा थोडा कमी केला की होत नाही.

अननस, पपई आणि किवी कच्चे घालू नका. ह्यांच्यात प्रोटीन तोडणारे एन्झाइम असतात, दह्याबरोबर ठेवले की मिश्रण कडू होतं. अननसाचे तुकडे पाच-सात मिनिटं थोड्या गुळात शिजवून, गार करून घातले की काही होत नाही.

सुकं फळ म्हणाल तर खजूर, सुकं अंजीर, मनुका. हे कोरडेच घातले तर पिठातली ओल ओढून घेतात, म्हणून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, आणि ते भिजवलेलं पाणी फेकायचं नाही, गूळ त्याच पाण्यात विरघळवायचा.

साहित्य आणि प्रमाण

हे मध्यम आकाराच्या १२ मफिनचं प्रमाण आहे, आणि शक्य असेल तर वजनकाट्यावर मोजा, कारण प्रत्येकाच्या घरातली वाटी वेगळी असते. न चाळलेलं गव्हाचं पीठ १२० ग्रॅम म्हणजे मेजरिंग कपानं १ कप, नाचणीचं पीठ ३० ग्रॅम म्हणजे पाव कप, ओट्स ४५ ग्रॅम म्हणजे साधारण अर्धा कप, आणि भाजून पूड केलेलं जवस २ मोठे चमचे. ओट्स नसतील तर तेवढ्याच वजनाचा गव्हाचा कोंडा नाहीतर लापशी रवा घ्या, लापशी रवा असेल तर तो आधी गरम पाण्यात अर्धा तास भिजवून निथळून घ्यायचा, नाहीतर कच्चा लागतो. बेकिंग पावडर १ छोटा चमचा, खायचा सोडा सपाट अर्धा छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा, वेलदोड्याची नाहीतर दालचिनीची पूड आवडीप्रमाणं.

ओल्यामध्ये, पिकलेली केळी कुस्करून १५० ग्रॅम, म्हणजे आकारानं लहान असली तर दोन, दही १२० ग्रॅम म्हणजे अर्धा कप, चिरलेला गूळ ११० ग्रॅम, तो विरघळवायला ३ मोठे चमचे कोमट पाणी, आणि तेल पाव कप. तेल सूर्यफुलाचं घ्या. घाण्याचं शेंगतेल स्वयंपाकाला लाख चांगलं पण फळांच्या मफिनमध्ये त्याचा वास वर येतो, फक्त केळं-दालचिनी-अक्रोड असं करणार असाल तर चालून जातं. आणि ह्या सगळ्यात घालायला चिरलेली फळं १ कप, १३० ग्रॅमच्या आसपास. अंडं घालायचं असेल तर १ घाला आणि गुळाचं पाणी एकच चमचा ठेवा. न घालता पण छान होतात, त्यात जवस आहे केळं आहे, दोन्ही चिकटपणा देतात.

दही थोडं आंबट असलेलं चांगलं, कालचं नाहीतर परवाचं. सोड्याला फुगायला आंबट लागतं, गोड दह्यात सोडा पूर्ण वापरला जात नाही आणि मग मफिनला साबणासारखी चव येते. थंडीत दही लवकर आंबत नाही, तेव्हा दह्यात एक चमचा लिंबाचा रस पिळा. आणि बेकिंग पावडर किती दिवसांची आहे बघा, चिमूटभर गरम पाण्यात टाकून बघायची, लगेच फसफसली तर ठीक, गप्प बसली तर नवीन आणा.

कृती

सगळ्यात पहिलं, गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्या, गुळात चिपाड, माती काही ना काही निघतंच. हे पाणी पूर्ण गार होऊ द्या. गरम पाक दह्यात ओतला तर दही फुटतं. गुळासाठी गरम दूध वापरायचा मोह पण टाळा, त्यात तर फुटणारच.

मोठ्या भांड्यात कुस्करलेलं केळं, दही, गुळाचं पाणी, तेल एकत्र करून त्यात ओट्स, नाचणीचं पीठ, जवसाची पूड आणि जास्तीचा कोंडा घेतला असेल तर तो, हे सगळं घालून ढवळून वीस मिनिटं झाकून ठेवा. ही वीस मिनिटं वाचवू नका, ह्यातच सगळं आहे. कोंडा आणि ओट्स पाणी पिऊन मऊ होतात, नाचणीचा कच्चेपणा जातो, जवस चिकट होतं, आणि मग ओव्हनमध्ये गेल्यावर ते मफिनची ओल ओढत बसत नाहीत. सोडा आणि बेकिंग पावडर अजून घातलेली नाही हे लक्षात घ्या, ती शेवटी, कारण सोडा दह्याला लागला की लगेच फसफसायला लागतो आणि वीस मिनिटं ठेवलं तर ती हवा सगळी निघून जाईल. पातेल्यातच निघून गेलेली हवा मफिन कसा फुगवणार.

हे भिजतंय तोवर ओव्हन लावा. ओटीजी असेल तर वरची-खालची दोन्ही कॉइल, २०० डिग्री, पंधरा मिनिटं तरी तापू द्या. लहान ओटीजीला दहा मिनिटात दिवा जातो पण आत नीट तापलेलं नसतं. मफिनच्या ट्रेला तेलाचा हात लावा नाहीतर कागदी कप घाला. कागदी कपाचं असं आहे की आपल्या मफिनमध्ये तेल कमी आहे, त्यामुळं गरम असताना कागद काढला तर निम्मा मफिन कागदाला चिकटून येतो, पूर्ण गार झाल्यावर सुटतो. घाई असणाऱ्यांनी कागदाच्या आतनं पण ब्रश फिरवावा.

दुसऱ्या भांड्यात गव्हाचं पीठ, बेकिंग पावडर, सोडा, मीठ, वेलदोडा. सोड्याची गाठ हातानं फोडून घ्या आणि हे सगळं कोरडंच नीट एकजीव करा, इथं वाट्टेल तेवढं ढवळा. ह्यातलं एक चमचा पीठ चिरलेल्या फळांना चोळून ठेवा म्हणजे ती तळाला बसत नाहीत.

वीस मिनिटं झाली की कोरडं ओल्यात घाला आणि आता हात आवरायचा. उलथण्यानं नाहीतर सपाट चमच्यानं खालनं वर, खालनं वर, पंधरा-सोळा वेळा, बास. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं, बारीक गाठी राहिल्या तरी राहू देत, त्या बेक होताना जातात. मिक्सर, बीटर काही नको. जास्त ढवळलं की गव्हाचं ग्लूटेन ताणलं जातं, मग मफिन वरनं टोकदार होतात, आत बोगदे पडतात आणि चावायला रबरी लागतात. शेवटच्या दोन-तीन वळणांत फळं घाला. पीठ इडलीच्या पिठापेक्षा बरंच घट्ट पाहिजे, चमच्यातनं ढपकन पडलं पाहिजे, ओघळता कामा नये. फारच घट्ट वाटलं तर एक-दोन चमचे दूध, पातळ वाटलं तर चमचाभर ओट्स. फळं कुठली आहेत, दही किती पातळ आहे, ह्यावर थोडं इकडं-तिकडं होणारच.

कप पाऊण भरा आणि लगेच ओव्हनमध्ये मधल्या जाळीवर. पहिली सहा-सात मिनिटं २०० वरच ठेवा, त्या जोरदार उष्णतेनं वरचा घुमट पटकन उठतो, मग १८० करून अजून पंधरा ते अठरा मिनिटं. पहिली पंधरा मिनिटं ओव्हनचं दार उघडायचं नाही, मधला भाग अजून धरलेला नसतो, गार हवा लागली की खाली बसतो. गुळामुळं वरनं लवकर लाल होतं, म्हणून रंगावर जाऊ नका, मधोमध टूथपिक घालून बघा, ओलं पीठ लागलं नाही म्हणजे झालं. केळ्याचा किंवा फळाचा चिकटपणा लागेल, तो वेगळा असतो, कळतं ते. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शन मोडला पंखा असतो म्हणून १० ते २० डिग्री कमी ठेवा.

ओव्हन नसेल तर जुना मोठा कुकर नाहीतर जाड बुडाची कढई घ्या, तळाला मिठाचा थर, त्यावर स्टँड. कुकर असेल तर झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढायच्या, हे विसरू नका, आणि आत पाणी अजिबात नाही. नॉनस्टिक भांडं अशा कामाला चालत नाही, रिकामं तापवलं की कोटिंग खराब होतं. मध्यम गॅसवर दहा मिनिटं तापवून, पीठ भरलेल्या स्टीलच्या लहान वाट्या आत ठेवून, गॅस बारीक करून तीस ते पस्तीस मिनिटं. वरनं रंग कमी येतो पण आत ओव्हनइतकेच चांगले होतात. एका वेळी चार-पाचच बसतात, म्हणून असं करणार असाल तर प्रमाण निम्मं घ्या, कारण सोडा घातलेलं पीठ दुसऱ्या घाण्याची वाट बघत बसलं की दुसरा घाणा चपटा होतो.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटं ट्रेमध्ये आणि मग लगेच जाळीवर काढा. ट्रेमध्येच विसरलात तर वाफेनं बुडाला पाणी सुटून ओलसर-चिकट होतात. गरम गरम खायचा मोह होतो पण हे मफिन पूर्ण गार झाल्यावर खरे कळतात, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी अजून चांगले लागतात, कोंडा सगळीकडनं सारखा मुरतो.

काही बिघडलं तर कारण शोधायला फार लांब जायला लागत नाही. मध्येच खाली बसले तर एकतर दार लवकर उघडलं नाहीतर सोडा-पावडर जास्त झाली नाहीतर कच्चे काढले. आत गचगचीत राहिले तर फळ किंवा केळं जास्त झालं, केळं मोजल्याशिवाय घालू नका, तीन मोठी केळी घातली की हे होतंच. कोरडे झाले तर भिजवायचा वेळ कमी पडला किंवा ओव्हनमध्ये जास्त राहिले. कडवट-साबणी लागले तर सोडा, दुसरं काही नाही.

आता फायबरचा हिशोब पण सरळ करून टाकूया, म्हणजे उगाच मोठ्या अपेक्षा नकोत. पेरू घातलेल्या ह्या १२ मफिनमध्ये सगळं धरून ३५ ग्रॅमच्या आसपास फायबर जातं, म्हणजे एकात साधारण ३ ग्रॅम. तेवढ्याच मैद्याचा साधा कपकेक असेल तर त्यात अर्धा ग्रॅमच्या जवळपास. म्हणजे सहापट, पण ३ ग्रॅम म्हणजे न चाळलेल्या पिठाच्या एका चपातीएवढंच. मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम लागतं, ते मफिन खाऊन पूर्ण होणार नाही आणि तसा प्रयत्न पण करू नये, जेवणातली भाकरी, उसळ, पालेभाजी जागच्या जागीच पाहिजे. मफिननं फक्त खारीची आणि बेकरीच्या केकची जागा घ्यायची. ज्यांना फायबरची सवय नाही त्यांनी पहिल्या आठवड्यात एकच खावा आणि पाणी वाढवावं, एकदम कोंडा-जवस वाढवलं आणि पाणी तेवढंच ठेवलं तर पोट साफ व्हायच्या ऐवजी फुगतं आणि गॅस धरतो. पोटाचा काही आजार असेल, ऑपरेशन झालेलं असेल, तर डॉक्टरांना विचारूनच.

ठेवायचं म्हटलं तर थंडीत दोन दिवस बाहेर राहतात, घट्ट झाकणाच्या डब्यात खाली एक कोरडा रुमाल घालून. पण आपल्या पावसाळ्यात, जूनपासनं जो दमटपणा सुरू होतो त्यात, बाहेर एकच दिवस, ताजं फळ असल्यामुळं बुरशी लवकर येते. मग फ्रीजमध्ये चार-पाच दिवस. फ्रीजरमध्ये मात्र महिनाभर आरामात राहतात, गार झाल्यावर एकेक सुटा गोठवून मग पिशवीत भरा म्हणजे एकमेकाला चिकटत नाहीत. सकाळी पोरांच्या डब्यात गोठलेलाच मफिन टाकला तरी मधल्या सुट्टीपर्यंत मऊ झालेला असतो, आणि चहाबरोबर घरी खायचा असेल तर झाकण ठेवून तव्यावर बारीक गॅसवर चार-पाच मिनिटं गरम करा, तव्यावर आधी पाण्याचे दोन-तीन थेंब शिंपडायचे, त्या वाफेनं आतनं परत ताजा होतो.